कंपनी नोंदवली, मग डोमेन दुसऱ्याचं कसं?

कंपनीची नोंदणी झाली, प्रमाणपत्र हातात आलं, म्हणजे ते नाव आता आपलं झालं, अशी बहुतेकांची समजूत असते. मग वेबसाइट करायची वेळ येते आणि कळतं की त्या नावाचं डॉट कॉम कुणीतरी केव्हाच घेऊन ठेवलंय. ‘पण आमच्याकडे सरकारी कागद आहे!’ हा राग अगदी समजण्यासारखा आहे. कागद खराच असतो. फक्त डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवरचं नाव, देताना तो कुणी मागितलेला नसतो, आणि मागण्याची सक्तीही नसते.

व्यवसायाच्या नावाची नोंद एकाच ठिकाणी होत नाही. ती तीन ठिकाणी होऊ शकते: कंपनी किंवा फर्म म्हणून, ट्रेडमार्क म्हणून आणि डोमेन म्हणून. या तीन नोंदी वेगवेगळ्या यंत्रणा ठेवतात, वेगवेगळ्या कारणांसाठी ठेवतात, आणि एकीकडे मिळालेला हक्क दुसरीकडे आपोआप चालत नाही. नवा व्यवसाय सुरू करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. उशिरा कळलं तर पाट्या, छापील कागद, जाहिराती सगळंच बदलावं लागतं, आणि ओळख झालेले ग्राहकही गोंधळतात.

तीन नोंदी, तीन कामं

कंपनी निबंधकाकडची नोंद सांगते की या नावाची एक कायदेशीर व्यक्ती अस्तित्वात आहे. करार कुणाच्या नावे झाला, कर कुणी भरायचा, दावा कुणावर लावायचा, यासाठी ती नोंद लागते. निबंधक नाव तपासतो खरा, पण तपासतो ते मुख्यतः आपल्याच दप्तरात: अगदी तेच किंवा फार जवळचं नाव आधी कुणाला दिलंय का, एवढंच. शेजारच्या देशात त्याच नावाची कंपनी असली तरी त्याला त्याच्याशी कर्तव्य नसतं. अमेरिकेत तर कंपन्यांची नोंद राज्यागणिक होते, त्यामुळे एकाच नावाच्या दोन कंपन्या दोन राज्यांत सुखेनैव नांदू शकतात आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंधही नसतो.

ट्रेडमार्क वेगळ्या गोष्टीचं रक्षण करतो. ग्राहकाने एखादं नाव पाहिलं की हा माल अमुक यांचा, अशी खूणगाठ त्याच्या मनात असते. त्या खूणगाठीचा गैरफायदा दुसऱ्याने घेऊ नये म्हणून ट्रेडमार्क असतो. तो देशापुरता असतो आणि शिवाय मालाच्या किंवा सेवेच्या प्रकारापुरता. १९५७ च्या नीस करारानुसार मालाचे ३४ आणि सेवांचे ११ असे एकूण ४५ वर्ग आहेत. म्हणूनच ‘डेल्टा’ हे नाव अमेरिकेत एक विमान कंपनीही वापरते आणि नळ बनवणारी कंपनीही. विमानाचं तिकीट घ्यायला निघालेला माणूस चुकून नळ घेऊन येणार नाही, त्यामुळे दोघांचाही हक्क खरा.

आणि मग डोमेन. इथे राज्य नाही, देश नाही, वर्ग नाही. डेल्टा डॉट कॉम जगात एकच असू शकतं. कायद्याच्या जगात एकाच नावाचे दहा प्रामाणिक मालक असू शकतात, पण डॉट कॉमच्या यादीत जागा एकाचीच. या विषयातले बहुतेक वाद या एका विसंगतीतून निघाले आहेत.

डोमेन देताना कुणी काही विचारत का नाही?

कारण डोमेन व्यवस्था व्यवसायांसाठी बनलीच नव्हती. सुरुवातीच्या नेटवर्कवर सगळ्या संगणकांची नावं आणि त्यांचे अंकी पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत, आणि ती फाइल एका ठिकाणाहून सगळ्यांना उतरवून घ्यावी लागे. संगणक वाढले तशी ती फाइल आवरेना. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची रचना मांडली: नावं उतरंडीने लावायची आणि प्रत्येक पातळीची जबाबदारी वेगळ्याकडे सोपवायची. यंत्राला फक्त एक हवं होतं, प्रत्येक पूर्ण नावाचं उत्तर एकच असावं. ते नाव कुणाच्या धंद्याचं आहे, हा प्रश्न त्या रचनेत कुठेच नव्हता.

डॉट कॉममध्ये नोंदलं गेलेलं पहिलं नाव सिम्बॉलिक्स डॉट कॉम, तारीख १५ मार्च १९८५. ती संगणक बनवणारी कंपनी होती. पुढे कंपनीचा कारभार मावळला, पण डोमेन राहिलं आणि २००९ मध्ये ते विकलं गेलं. आज ते नाव चालू आहे, पण ते संगणक बनवणारी कंपनी त्यामागे नाही. कंपनी आणि तिचं डोमेन यांची आयुष्यं किती वेगळी असतात, हे त्या पहिल्याच नावात दिसतं.

१९९५ च्या सप्टेंबरपर्यंत डॉट कॉम नाव घ्यायला शुल्कही नव्हतं. मग दोन वर्षांसाठी १०० डॉलर लागू झाले. १९९८ मध्ये या सगळ्या व्यवस्थेच्या देखरेखीसाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. आजची साखळी अशी आहे: डॉट कॉमची मूळ यादी व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तिच्या यादीत नाव घालण्याची सेवा देणारे असंख्य रजिस्ट्रार असतात, आणि त्यांच्याकडून आपण नाव घेतो. रजिस्ट्रार तपासतो दोनच गोष्टी: नाव मोकळं आहे का आणि पैसे आले का. जो आधी येईल त्याला नाव. आयकॅनच्या नियमाने नोंदणीनंतर संपर्काची खातरजमा पंधरा दिवसांत करावी लागते, पण ती ईमेल किंवा फोनची, व्यवसायाच्या कागदपत्रांची नव्हे.

याला अपवाद आहेत आणि ते माहीत असावेत. ब्रिटनमध्ये डॉट एलटीडी डॉट यूके आणि डॉट पीएलसी डॉट यूके ही नावं फक्त नोंदलेल्या कंपन्यांना मिळतात, तीही कंपनीच्या नोंदलेल्या नावाशी जुळणारीच. डॉट बँकसाठी बँक असल्याची पडताळणी होते. ऑस्ट्रेलियाच्या डॉट कॉम डॉट एयूसाठी त्या देशाशी कायदेशीर संबंध दाखवावा लागतो. अशा ठिकाणी कंपनी नोंदणीचा कागद खरोखर कामाला येतो. पण ही बेटं आहेत. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग आणि बऱ्याच देशांची डोमेनं कुणालाही खुली आहेत.

भांडणं कशी झाली

१९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव स्वतः नोंदवलं आणि मोठमोठ्या कंपन्यांना या गोष्टीची किती कमी जाणीव आहे यावर लेख लिहिला. शेवटी मॅकडोनाल्ड्सने एका शाळेला संगणक सामग्रीसाठी मदत केली आणि नाव कंपनीकडे गेलं. ते प्रकरण सामंजस्याने मिटलं. पण त्याच सुमाराला काही जणांनी याचाच धंदा केला. अमेरिकेतल्या डेनिस टोपेन यांनी कॅमेरे आणि लेन्स पुरवणाऱ्या पॅनाव्हिजन कंपनीचं नाव डॉट कॉममध्ये घेतलं, तिथे पॅना नावाच्या गावाचे फोटो लावले आणि नाव सोडायला १३,००० डॉलर मागितले. दुसऱ्या कंपन्यांची नावंही त्यांनी अशीच घेऊन ठेवली होती. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने निकाल पॅनाव्हिजनच्या बाजूने दिला. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचं डोमेन केवळ विकण्यासाठी अडवून धरणं, याला सायबरस्क्वॉटिंग म्हणतात.

मात्र नाव आधी घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो, आणि हे विसरलं की मोठ्या कंपनीच्या बाजूने अन्यायही होऊ शकतो. उझी निसान यांचं ते आडनावच होतं. संगणकाच्या व्यवसायासाठी त्यांनी १९९४ मध्ये निसान डॉट कॉम घेतलं. १९९९ मध्ये निसान मोटर कंपनीने त्यांच्यावर दावा लावला. खटला वर्षानुवर्षं चालला. मोटारींच्या जाहिराती तिथे दाखवायच्या नाहीत असं बंधन त्यांच्यावर आलं, पण डोमेन शेवटी त्यांच्याकडेच राहिलं. स्वतःच्या आडनावाने प्रामाणिकपणे धंदा करणाऱ्याला जगप्रसिद्ध कंपनीही सहज हटवू शकत नाही, हे त्यातून दिसलं. ते टिकवायला त्यांना केवढा त्रास सोसावा लागला, तेही दिसलं.

कंपनीचं नाव या वादात का पुरत नाही

प्रत्येक डोमेनसाठी एखाद्या परक्या देशाच्या कोर्टात जाणं लहान व्यवसायाला परवडणारं नाही. म्हणून आयकॅनने १९९९ मध्ये एक समान धोरण लागू केलं, त्याला यूडीआरपी म्हणतात. डॉट कॉमसारखं डोमेन घेताना प्रत्येक जण करारातच हे धोरण मान्य करतो, सहसा न वाचता. तक्रार जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या म्हणजे वायपोच्या केंद्राकडे किंवा मान्यता असलेल्या दुसऱ्या संस्थेकडे करता येते. सगळं काम ऑनलाइन चालतं आणि साधारण दोन महिन्यांत निर्णय येतो. वायपोकडे एक ते पाच डोमेनांसाठी एका निर्णयकर्त्याचं शुल्क १,५०० डॉलर आहे.

तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि तिन्ही. पहिली, ते डोमेन आपल्या ट्रेडमार्कसारखंच किंवा गोंधळ होईल इतकं जवळचं आहे. दुसरी, समोरच्याचा त्या नावावर कोणताही रास्त हक्क किंवा संबंध नाही. तिसरी, त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूनेच वापरतो आहे.

पहिल्या अटीत ‘ट्रेडमार्क’ असं म्हटलंय, ‘कंपनीचं नाव’ असं नाही. हे नजरचुकीने राहिलेलं नाही. नुसत्या व्यापारी नावांनाही हे संरक्षण द्यावं का, याचा वायपोने नंतर वेगळा विचार केला होता. १८८३ च्या पॅरिस कराराच्या आठव्या कलमात व्यापारी नावांना संरक्षण आहेच, पण देशोदेशीच्या कायद्यांत व्यापारी नाव म्हणजे काय याबद्दल इतका फरक आहे की त्यावर एक जागतिक नियम बसवता आला नाही. त्यामुळे आजही, तुमच्याकडे फक्त कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र असेल आणि त्या नावाला बाजारात ओळख नसेल, तर यूडीआरपीच्या पहिल्याच पायरीवर तुमची तक्रार अडते.

नोंदणी नसलेला ट्रेडमार्कही चालतो, पण तो पुराव्याने उभा करावा लागतो: नाव किती वर्षं वापरात आहे, विक्री किती झाली, जाहिरात कुठे केली, वर्तमानपत्रांनी दखल घेतली का, ग्राहक त्या नावाने कुणाला ओळखतात. नवीन व्यवसायाकडे यातलं बहुधा काहीच नसतं.

तिसऱ्या अटीत काळाचा मुद्दा दडलेला आहे, आणि लोक सर्वात जास्त चुकतात ते इथेच. समजा, कुणीतरी एक डोमेन घेतलं आणि त्यानंतर पाच वर्षांनी तुमची कंपनी जन्माला आली. ज्या ट्रेडमार्कचा तेव्हा पत्ताच नव्हता, तो डोळ्यांसमोर ठेवून त्याने वाईट हेतू कसा धरला असेल? अशा तक्रारी सहसा फेटाळल्या जातात. इतकंच नाही, हे माहीत असूनही नाव हिसकावण्यासाठी तक्रार केली असं दिसलं, तर निर्णयात तक्रारदाराच्याच गैरवर्तनाची नोंद होते. या प्रक्रियेत पैशांची भरपाई मिळत नाही. डोमेन तुमच्याकडे वळवलं जातं, किंवा रद्द होतं, किंवा आहे तिथेच राहतं. एवढंच.

या धोरणाखालचा पहिला निर्णय १४ जानेवारी २००० चा. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं पूर्ण नाव डॉट कॉममध्ये घेऊन एकाने काही दिवसांतच ते त्या संस्थेलाच विकायला काढलं होतं. त्याला नाव सोडावं लागलं. देशांच्या डोमेनांसाठी पुष्कळदा वेगळे नियम असतात, म्हणून ज्या देशाचं डोमेन आहे तिथलं धोरण वाचूनच पाऊल टाकावं.

कोर्टाचा रस्ता याखेरीज खुला असतोच. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २००४ रोजी सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात स्पष्ट केलं की डोमेन हे व्यवसायाची ओळख बनू शकतं आणि दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचा कायदा त्यालाही लागू होतो. ‘सिफी’ हा शब्द सत्यम इन्फोवेने स्वतःच्या नावातून घडवलेला होता आणि तो लोकांत रुळलेला होता, हे तिथे निर्णायक ठरलं. घडवलेला शब्द राखणं सोपं जातं. ‘तेज’, ‘उदय’, ‘प्रगती’ अशी सर्वांची असलेली नावं घेतली, तर कोर्टातही आणि यूडीआरपीतही बाजू मांडणं फार अवघड जातं.

नाव घेतलं, पण कुणाच्या नावावर?

डोमेन विकत मिळतं असं आपण बोलतो, पण खरं तर ते भाडेपट्ट्यावर मिळतं. डॉट कॉम एका वेळी कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नोंदवता येतं. मुदत संपली आणि नूतनीकरण झालं नाही, तर रजिस्ट्रार काही दिवसांची सवलत देऊ शकतो, त्यानंतर जादा शुल्क भरून सोडवण्यासाठी तीस दिवस असतात, मग पाच दिवसांत नाव यादीतून पुसलं जातं आणि कुणालाही खुलं होतं. कंपनी निबंधकाकडे तुमची नोंद चालू असली तरी याने काही फरक पडत नाही. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट डॉट कॉमचं शुल्क भरायचं राहून गेलं आणि त्यावरून लॉगिन होणाऱ्या हॉटमेल या ईमेल सेवेच्या लोकांना अडचण आली. एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुरळीत झालं. सुटलेलं डोमेन परक्याच्या हाती गेलं तर नुसती वेबसाइट जात नाही. त्या नावावर येणारे ईमेलही त्याला मिळू शकतात, आणि त्या ईमेलवर पासवर्ड बदलायला लावणारी इतर खातीही धोक्यात येतात.

याहून जास्त वेळा घडणारी गोष्ट म्हणजे डोमेन भलत्याच्या नावावर असणं. वेबसाइट करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात घेतलेलं असतं, किंवा पूर्वीच्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर असतं. रजिस्ट्रारच्या दृष्टीने नोंदीत ज्याचं नाव, त्याचंच डोमेन. तुमच्या पावत्यांवर तेच नाव छापलेलं आहे, हे त्याला ठाऊकही नसतं. म्हणून नोंदणीधारकाच्या रकान्यात कंपनीचं पूर्ण कायदेशीर नाव असावं आणि संपर्काचा ईमेल असा असावा की एक माणूस सोडून गेला तरी तो वाचला जाईल. तो ईमेल त्याच डोमेनवर ठेवू नये. डोमेन बंद पडलं तर सूचनाही पोहोचणार नाही.

कंपनी स्थापन होण्याआधी संस्थापकाने स्वतःच्या नावावर डोमेन घेणं ठीकच आहे, पण स्थापनेनंतर ते लेखी कागद करून कंपनीकडे वळवावं. भागीदारांत फूट पडते तेव्हा हा कागद नसल्याची किंमत कळते. नोंदणीधारक बदलल्यावर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जायला साठ दिवसांची अडवणूक लागू शकते, त्यामुळे हे काम घाईच्या वेळेवर टाकू नये. कंपनीचं नाव बदललं किंवा ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली तरी डोमेनची नोंद आपोआप बदलत नाही. ती आपणच बदलायची.

कुठलं आधी, कुठलं नंतर

नाव मनात आलं की आधी शोध घ्यायचा, पैसे नंतर. पहिला शोध ट्रेडमार्कचा. देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत पाहावं आणि वायपोचा जागतिक ब्रँड शोध मोफत आहे, तिथेही पाहावं. उच्चाराने जवळची नावंही पाहावीत. हे आधी का? कारण दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर तुम्ही डोमेन घेतलंत आणि कंपनीही नोंदवलीत, तरी उद्या नोटीस तुम्हालाच येणार, आणि निबंधकाने नाव मंजूर केलं होतं हा बचाव तिथे फारसा टिकत नाही. त्यानंतर कंपनीच्या यादीतला शोध आणि डोमेनचा शोध.

तिन्ही ठिकाणी नाव मोकळं दिसलं की डोमेन लगेच घ्यावं, कंपनीचा अर्ज करण्याआधी. ते स्वस्त आहे, काही मिनिटांत होतं, आणि कंपन्यांच्या नोंदी सार्वजनिक असल्याने अर्जानंतर तुमचं नाव कुणालाही दिसू शकतं. मग कंपनीची नोंदणी, आणि त्यापाठोपाठ ट्रेडमार्कचा अर्ज. ट्रेडमार्क पुढच्या वर्षी बघू असं म्हणून जो अर्ज लांबणीवर पडतो, तोच पुढे सर्वात महाग पडतो. पॅरिस करारानुसार एका देशात अर्ज केल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसऱ्या सदस्य देशांत केलेल्या अर्जाला पहिल्याच अर्जाची तारीख मिळते, हाही फायदा त्यात आहे. नवं डोमेन अंत्यपद, म्हणजे डॉट कॉमसारखा नावाचा शेवटचा भाग, बाजारात येतं तेव्हा सर्वांसाठी खुलं होण्याआधी किमान तीस दिवस राखीव असतात. तेही ट्रेडमार्कवाल्यांसाठी, नुसत्या कंपनीच्या नावासाठी नव्हे.

२०१२ मध्ये नव्या अंत्यपदांसाठी अर्ज मागवल्यावर त्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. सगळीकडे आपलं नाव अडवून ठेवायचं असा सल्ला काही विक्रेते देतात, तो मला पटत नाही. मुख्य नाव, आपल्या देशाचं नाव आणि लोकांकडून हमखास होणारी एखादी स्पेलिंगची चूक, एवढं घेतलं तरी पुष्कळ. आपल्या भाषेतल्या नावांना हा शेवटचा मुद्दा जास्त लागू पडतो: ‘दीप’ रोमनमध्ये कुणी दोन ई घालून लिहितो, कुणी आय घालून, आणि ऐकलेलं नाव टाइप करणारा ग्राहक त्यातलं कुठलं निवडेल हे सांगता येत नाही. देवनागरी डोमेनही मिळतं, डॉट भारत २०१४ पासून आहे, पण ते रोमन नावासोबत घ्यावं, त्याच्याऐवजी नव्हे.

हवं असलेलं नाव एखाद्या प्रामाणिक माणसाकडे असेल, तर यूडीआरपीची धमकी देण्याऐवजी सरळ विचारावं. विचारताना आपली कंपनी किती मोठी आहे याचा पाढा वाचू नये, किंमत त्यानेच चढते. सौदा ठरला तर पैसे एस्क्रो सेवेकडे ठेवावेत. ती सेवा डोमेन तुमच्या खात्यात आल्यावरच विकणाऱ्याला पैसे देते. आणि तो नाहीच म्हणाला, तर कंपनीचा अर्ज भरण्याआधी दुसरं नाव शोधायला अजून वेळ आहे.